वरचं दूध

तान्ह्या इंद्रजीतनं बाटली तोंडात धरली नाही, तर सगळ्यात जास्त फायदा त्याच्या आजीचा होता. सून नोकरी सोडून घरी बसणार, म्हशींचं शेण, धुणं, भाकऱ्या पुन्हा सुनेच्या वाट्याला जाणार आणि कस्तुराबाई ओट्यावर बसून मांडवगणची रहदारी न्याहाळायला मोकळी होणार. त्याच्या आईनं, प्रगतीनं, हा हिशेब बाळंतपणाच्या रजेतच मांडून ठेवला होता. आज रजेनंतर कामाच्या पहिल्या दिवशी, अंधारात कंपनीच्या बसमध्ये पेंगत, ती तोच पुन्हा पडताळून बघत होती. प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं.

अटही कस्तुराबाईचीच. "आठ दिस बघू. पोरगं वरच्या दुधाला लागलं तर कर नोकरी. न्हाई लागलं तर कंपनीला रामराम. लेकरू उपाशी रडवायचं माझ्यानं हुयाचं न्हाई." नवरा सत्यजीत दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. अर्ध्या तालुक्याचं दूध तो पोचवायचा, पण घरात बाटलीचा विषय निघाला की टेम्पोच्या चाकात हवा बघायला उठायचा.

काल सराव झाला. सासूनं बाटली पुढं केली, पोरानं तोंड फिरवलं. "बघ बाई, न्हाई घेत," म्हणून तिनं ती खाली ठेवूनही दिली. बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करतानासुद्धा बाई एवढ्या लवकर हार मानत नसे.

बस दौंड ओलांडून कुरकुंभला पोचली तेव्हा उजाडलं होतं. प्रगती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. हातांना काम आठवत होतं, अंगाला नाही. चहाच्या सुट्टीपर्यंत छाती दगडासारखी झाली. बाथरूममध्ये जाऊन तिनं बेसिनमध्ये दूध पिळून टाकलं आणि वरून नळ सोडला. घरी पोरगं उपाशी, इथं दूध गटारीत. मग तिनं लॉकरमधला मोबाईल काढून बघितला. घरचा एकही फोन नव्हता.

"फोन न्हाई म्हंजी पोरगं मजेत हाय की," शेजारी काम करणारी सविता म्हणाली.

"आमच्या सासूबाई फोनवर बोलत न्हाईत. समोर बसवून ऐकवतात."

परतीच्या बसमध्ये तिनं भांडणाची सगळी वाक्यं जुळवली. कुठलं आधी, कुठलं शेवटी, तेही ठरवलं. मान दोनदा खिडकीवर आपटली, पण वाक्यं विसरली नाही. गावात उतरली तर समोरच शेजारची साळूबाई, तोंडाला पदर लावलेली.

"जा बाय लवकर. सासूनं काय रूप घेतलंय बघ जा. म्या तर दारातनंच माघारी आले."

पोरगं आजारी पडलं, की म्हातारीला काही झालं? दमलेले पाय कसेबसे पळवत ती घरी पोचली. दार लोटलेलं होतं. तिनं ढकललं.

भिंतीला टेकून तिचाच गाऊन बसला होता. निळ्या फुलांचा, पहाटे अंगावरून काढून खुंटीला अडकवलेला. आत कस्तुराबाई होती. लग्न झाल्यापासून जिनं नऊवारीशिवाय अंगाला काही लावलं नव्हतं ती. सून एकदा गाऊनवर नळाला गेली तेव्हा "आजारी हायस का गं?" असं सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या काळजीनं विचारणारी ती. गाऊनला पदर नसतो, म्हणून तिनं डोक्यावर टॉवेल घेतला होता. मांडीवर इंद्रजीत गाऊनचं बटण मुठीत धरून बाटली ओढत होता.

"आत्या, हे..."

"हळू बोल. झोपंला आलाय." कस्तुराबाईनं मान वर केली नाही. "सकाळी लुगड्यात घेऊन बसले, तर समदं दूध माझ्या अंगावर थुकला. काल बी तसंच. मग ह्यो तुझा झगा दिसला. त्याला नाकानं आई लागती, डोळ्यानं न्हाई."

"साळूबाई भेटल्या वाटंत."

"भेटंल की. आधी एकली आली, मग चार जणींना घेऊन आली." बाईनं टॉवेल पुढं ओढला. "मांडीवर पोरगं पीत हुतं. उठू कशी? बसले तशीच, जत्रंतल्या अस्वलावानी."

जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही प्रगतीला आठवेना. पोराला घ्यायला ती वाकली, पण तो पोट भरून झोपला होता. छाती ठणकत होती आणि तिचं दूध मागायला कुणी नव्हतं.

"काढा तो आता," ती म्हणाली. "घामेजलाय. धुऊन टाकते."

"धुशील तर बघ. उद्या घालू काय मी?"

प्रगती तिथंच भिंतीला टेकून बसली. कंपनीला आपली कामगार परत मिळाली, पोराला दूध मिळालं, नवऱ्याला हवा बघायची गरज उरली नाही आणि साळूबाईला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. सगळे नफ्यात होते. या सगळ्यांचं बिल भरलं होतं कस्तुराबाईनं, उभ्या जन्मात डोक्यावरून ढळू न दिलेला पदर उतरवून.