भिंतीवरचं बी

लेकीच्या बाळंतपणाहून परतलेली सासू परसातल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर हात फिरवत होती. "इथलं बी कुठं गेलं?"

प्रणितानं हातातली बादली खाली ठेवली. पाडव्याला चुना मारण्याआधी भिंतीवर थापलेलं वाळकं शेण तिनंच खरवडलं होतं. त्यात रानटोमॅटोचं, म्हणजे भेदराचं, बी जपून ठेवलंय, हे शहरातून आलेल्या सुनेला कोण सांगणार?

"उन्हानं सारं करपते, तवा हीच भेदरं लागतात. माह्या मायनं देल्लं होतं बी." सासूचा आवाज चढला नाही, त्याचीच प्रणिताला धास्ती वाटली. "खरवडलेलं कुठं टाकलं?"

"मोरीपाशी."

सासू भर दुपारी अनवाणीच तिकडं गेली. मोरीच्या तोंडाशी, तापल्या दगडांमधून वीतभर रोपं तरारून वर आली होती. तण समजून प्रणिता ती उद्या उपटणारच होती. सासूनं एक पान चुरगळून हुंगलं. "हेच हाय थे," म्हणत ती रोपांपाशी बसली.

प्रणितानं घाईघाईनं आपली ओढणी रोपांवर धरली.

सासूनं ती ओढून घेतली आणि प्रणिताच्याच डोक्यावर घातली. "त्यायले सवय हाय उन्हाची. तुले व्हायची हाय अजून."