चौकातली हवा

"स्वयंपाकघर फारच चिंचोळं आहे," आबा म्हणाले.

त्याआधी त्यांनी लिफ्टला नावं ठेवली होती, मग मावळतीच्या उन्हाला, मग न्हाणीघराच्या दाराला. लेक रिकाम्या खोल्यांतून टेप धरून पडद्यांची मापं घेत होती. जावई खिडकीत उभा होता. त्याची नजर खाली चौकातल्या, हवेच्या प्रदूषणाचा आकडा दाखवणाऱ्या फलकावर होती.

"एकोणसाठ!" तो म्हणाला. "आमच्या गल्लीत आज दोनशे ऐंशी आहे, आबा."

फलकाखालच्या जाळीत हवा मोजायचं यंत्र होतं आणि गेली अकरा वर्षं ते आबांच्याच ताब्यात होतं. त्यामुळे जावयाचा ऊर भरून आला होता. सासऱ्यानं स्वतः मोजलेली हवा, आणखी काय पाहिजे!

घर बदलायचं ते नातीसाठी. पोर पाच वर्षांची, आणि आतापासूनच दमा. बोलता बोलता छाती वाजायची, ओठ निळे पडायचे. महिन्याभरात दोनदा दवाखान्यात ठेवावी लागली होती. शेजारपाजारचे म्हणायचे, सवय होते हो, आम्ही काय कमी धूर खाल्ला? डॉक्टर मात्र एकच सांगत होते, हवा बदला. शहर सोडावं तर दोघांच्या नोकऱ्या इथेच. मग राहिला हा चौक, सगळ्या शहरात सगळ्यात कमी आकड्याचा.

आबांना मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. तिसरा मजला चढायला त्रास होईल, असं ते पुन्हा एकदा म्हणाले. लिफ्ट आहे, जावई म्हणाला, आणि पोरीला मोटारीतून आणायला खाली गेला.

लेकीनं टेप थांबवला. "आबा, ताकाला जाऊन भांडं का लपवताय?"

मग त्यांनी सांगून टाकलं.

"तो आकडा खोटा आहे. यंत्र ठीक आहे गं, पण दिवसातून चार वेळा टँकर येतो. यंत्राभोवतीचा रस्ता, झाडं, भिंती, सगळं धुऊन काढतात. वर फवारा मारतात. धूळ बसते, आकडा उतरतो. वरून हुकूम आहे."

"टँकर कोण बोलावतं?"

"मी."

पुढचं त्यांनी खालच्या फलकाकडे बोट दाखवत सांगितलं. त्या आकड्यावर शाळा भरतात, म्हातारे फिरायला निघतात, लोक निर्धास्त झोपतात. इतकी वर्षं मनाला समजावलं, आपण कोण, हुकमाचे ताबेदार. पण आता त्याच आकड्याला भुलून पोटची पोर नातीला घेऊन इथे राहायला येणार, हे काही त्यांना सोसवेना.

"उद्यापासून टँकर बंद करतो," ते म्हणाले. "खरा आकडा लागू दे फलकावर. नोकरी गेली तर गेली. तू फक्त हे घर घेऊ नकोस."

एवढं बोलल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. आता लेक रडेल, बोल लावेल, काय वाटेल ते म्हणेल, ऐकून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

लेक खिडकीपाशी गेली. खाली जावई पोरीला मोटारीतून उतरवत होता.

"मला ठाऊक आहे, आबा," ती म्हणाली. "दोन महिने झाले, रजा टाकून टाकून हिला या चौकातल्या बाकावर आणून बसवते. टँकर येतो तो बघते. इथे हिची छाती वाजत नाही. अख्ख्या शहरात हवा धुतात ती एवढी एकच जागा आहे."

आबा भिंतीला टेकले.

"रिटायर व्हायला तुम्हाला अजून सहा वर्षं आहेत ना?" लेकीनं विचारलं. "तोवर टँकर एक दिवससुद्धा चुकवू नका."