बिनतेलाची प्लेट

इनक्युबेटरचं दार उघडलं आणि यामिनीचा चेहरा पडला. ओव्याचं तेल घातलेल्या प्लेटा स्वच्छ होत्या, ते ठीकच. पण बिनतेलाची प्लेटसुद्धा स्वच्छ होती. तिच्यात जंतूंनी गर्दी करायला हवी होती. जंतू दुर्गच्या बाजारातल्या पनीरमधले, भल्याभल्या अँटिबायोटिकना न जुमानणारे. ते बिनतेलाच्या प्लेटमध्ये वाढले, तरच बाकीचे तेलाने मारले असं म्हणता येतं. आता काहीच म्हणता येत नव्हतं. पीएचडीचा शेवटचा प्रयोग पाण्यात गेला होता. यामिनीला रडू यायचंच बाकी होतं.

तिने रागारागाने खालचा ट्रे ओढला. मागे कोपऱ्यात एक छोटं निरांजन होतं. वात पेटवलेली नव्हती, पण ओव्याच्या तेलात चिंब होती.

काल विश्वकर्मा पूजा झाली. भिलाईत त्या दिवशी क्रेनपासून स्कूटरपर्यंत कुणी बिनकुंकवाचं राहत नाही. लॅबमध्ये मात्र यामिनीच्या गाइड कीर्ती मॅडमचा सक्त हुकूम, पूजाबिजा काही नाही. तरी लॅब अटेंडंट नरहरीकाकांनी इनक्युबेटरला बाहेरून कुंकू लावलंच होतं. यामिनीने त्यांनाच धरलं.

"काका, हे आत कावून ठेवलं तुम्ही?"

काकांनी कानांवर हात ठेवले. कुंकू आपलं, निरांजन आपलं नाही, आणि मॅडमची बोलणी खायची आपल्याला हौस नाही, असं म्हणाले. यामिनीचा काही विश्वास बसला नाही. ती तक्रार घेऊन निघणार, एवढ्यात मॅडमच दारात आल्या. निरांजन पाहून गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"त्यांले नको बोलू. मीच ठेवलं," त्या हळूच म्हणाल्या. "बाबा स्टील प्लांटमध्ये फिटर होते ना. मशीन बिनापूजेची राहिली की मले झोप येत नाही. तुझीच बाटली हाताशी होती. पेटवलं नाही पण. लॅबमध्ये आग चालत नाही."

यामिनीने बिनतेलाची प्लेट उचलली. तिने ती उजेडात धरली.

"म्हणजे मॅडम, या जंतूंले तेल लागलंच नाही. नुसत्या वासानं मेले?"

मॅडमनी प्लेट घेतली. उलटसुलट करून बराच वेळ पाहिली. चेहऱ्यावरची लाज कुठल्या कुठे पळाली.

"नरहरीकाका," त्या म्हणाल्या, "उद्या परत पूजा मांडा. अन् या वेळी तेल मोजून घाला."