खाणीवरची सुकट

बोरिवलीच्या दगडखाणीवर बाजार म्हणजे मुकादमाचं एकुलतं एक दुकान. तिथे फरसाण, गुटखा आणि रंगीत पाणी मिळे. पोषणाचा प्रश्न त्यानं आपल्यापुरता सोडवला होता. तिथं खडी फोडणाऱ्या यल्लव्वाच्या लेकीच्या अंगात रक्त नाही, तिला सुकट द्या, असं दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं. म्हणून यल्लव्वानं गोराईहून सोनूबाई कोळणीला बोलावलं. पाटी उतरते न उतरते तोच मुकादमानं ती लाथेनं उडवली. "माझ्या खाणीवर माझंच खायचं!" वेचायला वाकलेल्या पोरीची बोटं त्यानं सुकटीसकट बुटाखाली चिरडली. यल्लव्वा हातोडा घेऊन उठली. खडी फोडणारी बाई घाईनं मारत नाही. कुठे तडकेल ते आधी बघते. तिनं मुकादमाचा गुडघा नीट पाहिला. एकच घाव पुरला. सोनूबाई सुकट पाखडत म्हणाली, "बोंबलू नको, मुकादम. हाड जुळायला सुकट खा. घ्यायला बायकोला पाठव, तुला चालता यायचं नाही."