कुरामोचीगुरुजींचं भिंग

जपानमधल्या शिझुओकात, छोटी मॉडेलं जोडणाऱ्यांच्या क्लबात कुरामोचीगुरुजींच्या भिंगाला सगळे टरकून असत. छोट्या रणगाड्यांवरचे रिव्हेट, म्हणजे पत्रा जोडणारे खिळे, मोजायची खोड एवढी, की लग्नाआधी म्हणे त्यांनी नवरीचे तीळसुद्धा मोजले. गेल्या वर्षी एक रिव्हेट कमी भरला म्हणून त्यांनी क्लबातल्या इसोबेचं मॉडेल कचऱ्यात टाकलं होतं. यंदा इसोबेने टेबलावर बुटका, गुबगुबीत, कार्टूनछाप रणगाडा ठेवला. त्याने विकतच्या जोडणी-संचातली तोफेची बुजलेली नळी पोखरून, तांब्याच्या तारेचा दोरखंड वळून, झाकणातून डोकावणारा कमांडरही स्वतः घडवला होता. “चूक सापडली, तर तू क्लबाबाहेर,” गुरुजी गुरगुरले. “नळी आखूड.” “कार्टून आहे, गुरुजी.” “चाकं कमी.” “कार्टूनच ते.” दात खात गुरुजींनी भिंग कमांडरवर नेलं. टक्कल, हातात भिंग, भोपळ्याएवढं नाक. “माझं नाक एवढं आहे?” सगळे त्यांच्या नाकाकडे बघू लागले. इसोबेने मोजपट्टी पुढे केली. “मोजा ना, गुरुजी. अख्ख्या रणगाड्यात तेवढंच मापात आहे.”