चांदाचं शिंगरू

शिंगराच्या कपाळावर पांढरा चांद होता. दुलामने दुर्बीण पुसून पुन्हा पाहिलं. आयाळही एका बाजूला लोळत होती. ताखीची, म्हणजे रानघोड्याची, आयाळ खराट्यासारखी ताठ असते. आणि चांद? ताखीला चांद नसतोच.

"बाप पाळीव आहे," शेजारी उभे असलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "आता मायलेकरांना कुंपणात घालायचं. दुसरं काय?"

दुलामने दुर्बीण खाली घेतली. या कुरणाची राखणदार तीच. मंगोलियातून ताखी एकदा पार नाहीसे झाले होते. परदेशी पिंजऱ्यांत उरलेल्या मूठभरांचा वंश इथे परत आणला होता. त्यात पाळीव रक्त मिसळलं की सगळंच मुसळ केरात. म्हणून गेल्या वसंतात तिने घरोघरी विनवण्या करून आसपासचे नर घोडे खच्ची करायला लावले होते.

सगळ्यात जास्त ताणलं ते तिच्या सख्ख्या मावसभावाने, गेलेगने. शर्यती मारणारा त्याचा लाल्या, कपाळावर चांद असलेला! "माझ्या घोड्या काय विधवा ठेवू?" म्हणाला. तेव्हा दुलामने वडिलांचा नर घोडा, भुरा, त्याला दिला. वडिलांमागे तिच्याकडे उरलेलं तेवढंच होतं. "घोड्या नदीपलीकडे ने. तिथे बंदी नाही. बाबांचा वंशही चालेल," ती म्हणाली होती. मग लाल्याला खच्ची केल्याचं सांगून गेलेगने रीतीप्रमाणे राखेत भाजलेले आंड तिच्या पुढ्यात ठेवले. "खा ताई, तुझ्या ताखींसाठी दिलाय लाल्या." तो रडला. तीही रडली, आणि तिने खाल्लं.

दुलाम पोचली तेव्हा गेलेगच्या तंबूबाहेर लाल्या बांधला होता. खच्ची घोड्याची कापतात तशी त्याची आयाळ आखूड कापलेली. वर्षभर दुलामने तेवढीच पाहिली होती. भावावर कोण संशय घेतो? आज मात्र ती वाकली आणि तिने खाली पाहिलं.

घोडा धडधडीत नर होता.

"ये ताई, चहा घे," गेलेग दारात आला. ती कुठे वाकली आहे ते त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"चहा गेला खड्ड्यात! माझ्यासमोर रडलास, मेल्या! लोकांना मी तोंड कसं दाखवू? दुसऱ्यांचे घोडे कापायला लावले आणि घरचाच मोकळा!"

"शर्यतीचा घोडा गं... हात धजेना."

"मग मला काय खायला घातलंस? मेंढ्याचे?"

"नाही. घोड्याचेच होते."

"कुणाच्या घोड्याचे?"

गेलेग तिच्याकडे न बघता लाल्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

"दोन नर एका कळपात नांदत नाहीत, ताई. भुऱ्याचे होते."