कोरं नाव

या, जरा जवळ सरका. मागे बसलेल्यांनाही ऐकू जाऊ दे. गोष्ट एवढीशी आहे, पण जीव लावून ऐका.

कर्ज देणाऱ्या कचेरीत टेबलापलीकडे साहेब, अलीकडे टेम्पोवाला आणि शेजारी त्याची लेक. बापाला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून फॉर्म भरायला ती आली होती. जुन्या टेम्पोच्या इंजिनने मान टाकली होती. नवा मिळाला नाही, तर परवा सोमवारपासून कारखान्याचा माल दुसराच कुणी वाहणार होता.

इतका वेळ ‘काका, काका’ करणारा साहेब स्क्रीन पाहून खुर्चीत मागे रेलला.

“थोरल्या भावाला जामीन राहिला होतात?”

“राहिलो होतो. सख्खा भाऊ, नाही कसं म्हणायचं?”

“हप्ते त्यांनी बुडवले, क्रेडिट स्कोअर तुमचा बुडाला.”

“भाऊ तर आता बोलतही नाही हो.”

“कागद बोलतात.”

टेम्पोवाला खुर्चीच्या काठावर आला. “मग हे सुधारायचं कसं?”

“थकलेलं फेडा, फेडल्याचा दाखला घ्या. मग लहानसं कर्ज काढून प्रत्येक हप्ता तारखेच्या आत भरा. आणि दहा दारं वाजवू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. दोन वर्षांत येईल वर.”

“दोन वर्षं काय हवा खाऊन राहू?”

साहेब हसला. त्याची नजर लेकीवर येऊन थांबली. “ताई, वय काय तुमचं?”

“मंगळवारी अठरा पूर्ण झाली.”

“वा! म्हणजे नाव अगदी कोरं. कमाईचा रकाना मी भरतो, त्याची काळजी सोडा.”

लेकीचा चेहरा उजळला. “टाका ना बाबा माझं नाव! तुम्ही फेडणारच आहात की.”

टेम्पोवाल्याने चमकून लेकीकडे पाहिलं. ‘दादा फेडणारच आहे की,’ असं तोही बायकोला म्हणाला होता, अगदी याच सुरात. ‘नको’ म्हणायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात साहेबाने पेन पुढे केलं.

तोंड मिटलं. तिला टेबल नीट मिळावं म्हणून त्याने आपली खुर्ची मागे सरकवली.

पहिली सही तिने सावकाश केली, वळणदार, खाली रेघ ओढून. साहेब पान उलटायचा, बोट ठेवायचा. ती सही करायची.

“आणखी कुठे?” तिने हसून विचारलं.

मायबापहो, आज हात जोडाल तेव्हा बापाला विसरलात तरी चालेल. त्या लेकीसाठी मात्र देवापाशी एक शब्द टाका.